गाडी दिसली ती एकट्या अपूला

दुर्गा पडते. काशफुलांच्या पांढऱ्या रानातून बहीणभाऊ धावत निघालेत, लांबवर काळा धूर उठलाय, इंजिनाचा आवाज वाढत चाललाय आणि नेमकी तेव्हाच ती अडखळते. अपू थांबत नाही. सहा-सात वर्षांचं पोर, समोर आगगाडी, थांबेल कसं? मग कॅमेरा रुळांपलीकडे जातो आणि धडधडणाऱ्या चाकांच्या मधून अपू दिसतो, लपतो, पुन्हा दिसतो. दुर्गा त्या चित्रात नाही.

‘पथेर पांचाली’मधला हा प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला 1985 साली, पुण्यात. आमच्या फिल्म सोसायटीचा खेळ होता, सोळा मिलिमीटरची खरवडलेली प्रिंट आणि मागे प्रोजेक्टरची घरघर. दुर्गा पडते हे माझ्या ध्यानात यायला त्यानंतर सात वर्षं गेली. मधल्या काळात माझ्या आठवणीत दोघंही रुळांशी उभी होती, एकमेकांचा हात धरून. तिला उचलून तिथं नेऊन ठेवण्याचं काम माझ्या मनानं परस्परच उरकलं होतं.

बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या मूळ कादंबरीत तर दोघांनाही गाडी दिसत नाही. रूळ शोधत भटकतात आणि तशीच घरी येतात. सत्यजित राय यांनी पडद्यावर गाडी आणली, पण ती जवळून बघायला मिळाली एकट्या अपूला. पुढे तापानं फणफणलेली दुर्गा अंथरुणातून त्याला म्हणते, की बरी झाले की आपण पुन्हा गाडी बघायला जाऊ, या खेपेला वेळेवर जाऊ म्हणजे नीट बघता येईल. ती बरी होत नाही.

रायांच्या अपूवरच्या तीन चित्रपटांची तुलना करायला बसले की मला दर वेळी इथूनच सुरुवात करावी लागते. ‘पथेर पांचाली’ 1955 चा, ‘अपराजितो’ 1956 चा आणि ‘अपूर संसार’ 1959 चा. पहिला श्रेष्ठ की तिसरा, यावर सिनेमावेडी मंडळी रात्र रात्र भांडतात. मधल्याचं नाव त्या भांडणात फारसं येत नाही. माझा कौल मात्र मधल्याला आहे, आणि तो का, हे सांगायचं तर थोडं घरचं सांगावं लागेल.

माझं गाव संगमेश्वराच्या बाजूला, डोंगराच्या कुशीतली एक वाडी. माझ्या लहानपणी कोकणात आगगाडी नव्हती. मुंबई-पुण्याला जायचं तर लाल एसटी, घाटात ओकाऱ्या आणि अंगभर धुरळा. आम्ही दोघी बहिणी, ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. सातवी झाली तशी तिची शाळा सुटली, कारण पुढची शाळा लांब होती आणि घरात आजी खाटेवर. मी तिथवर पोचले तोपर्यंत तालुक्याला वसतिगृह झालं होतं, मग स्कॉलरशिप, मग पुणं. 1984 च्या जूनमध्ये मी निघाले तेव्हा एसटीच्या टपावर माझी ट्रंक चढवली ती ताईनं. आई पडवीच्या पायरीवरून खाली उतरली नाही.

म्हणूनच बहुधा पहिल्या खेळाला मी अपूकडे बघतच नव्हते. ‘पथेर पांचाली’ हा तसा अपूचा सिनेमा नाहीच. त्यात तो आहे तो डोळ्यांपुरता. तो थोरला झाल्यावर आपल्याला पहिल्यांदा दिसतो तोही कसा, तर दुर्गा त्याला शाळेसाठी उठवते, पांघरुणाच्या भोकात बोटं घालते आणि आतून एक टपोरा डोळा उघडतो. पुढचा सगळा वेळ तो डोळा बघत असतो आणि घडत असतं ते बायकांना. नात्यातली म्हातारी इंदिर ठाकरुण, आई सर्वजया आणि दुर्गा. तिघींच्या पदरी एकच दारिद्र्य, पण प्रत्येकीचं वागवणं निराळं. म्हातारी आपलं बोचकं उचलून या घरातून त्या घरात जाते आणि संध्याकाळी पैलतीरी नेण्याची विनवणी करणारं गाणं म्हणते. दुर्गा पेरू चोरते, आणि ते चोरते म्हातारीसाठी. सर्वजया या दोघींवर करवादते, कारण शेजारणीचे टोमणे तिला ऐकून घ्यावे लागतात.

लहानपणी आमच्या घरात आईचा आवाज चढायचा तो ताईवर, माझ्यावर कधी नाही. मला वाटायचं, ताई आडदांड आहे म्हणून. सर्वजया दुर्गेच्या केसांना धरून तिला दाराबाहेर काढते, तो प्रसंग बघताना खुर्चीत माझं अंग आखडलं होतं. त्यानंतर ती एकटी बसते तेव्हाचा, सर्वजया झालेल्या करुणा बॅनर्जींचा चेहरा बघा. रागाचा सगळा जोर ओसरलाय आणि उरलीय ती लाज. या बाई मुळात शिकलेल्या, शहरात राहिलेल्या, इप्टा या डाव्या नाट्यचळवळीच्या नाटकांतून आलेल्या. खेड्यातल्या बाईचं थकणं त्यांनी कुठून उचललं असेल?

चित्रपट कसा झाला याची कहाणी पुष्कळांना ठाऊक आहे, तरी त्यातली एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. राय तेव्हा कलकत्त्याच्या जाहिरात कंपनीत नोकरी करत, म्हणून चित्रण रविवारी. 1952 च्या ऑक्टोबरअखेर सुरुवात केली ती याच काशफुलांच्या प्रसंगानं. पुढच्या रविवारी मंडळी पोचली तर रान बोडकं! मधल्या आठवड्यात गुरांनी सगळी फुलं खाऊन टाकली होती. उरलेलं चित्रण करायला पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागलं. ज्यानं कधी गुरं राखलीत त्याला यात नवल वाटणार नाही. कॅमेऱ्यामागे असलेल्या सुब्रत मित्रांचं वय होतं एकवीस-बावीस, आणि त्यापूर्वी त्यांनी सिनेमाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. पैसे संपले, विम्याची पॉलिसी गेली, पत्नीचे दागिने गहाण पडले, काम महिनोन्‌महिने थांबलं. शेवटी पश्चिम बंगाल सरकारनं पैसे दिले ते रस्तेसुधारणेच्या खात्यातून, कारण नावातच ‘पथ’ होता. या अडीच-तीन वर्षांत अपूच्या उंचीनं दगा दिला नाही, दुर्गा अचानक बाई दिसू लागली नाही आणि इंदिर ठाकरुण झालेल्या, ऐंशीच्या घरातल्या चुनीबाला देवी टिकल्या. चित्रपट लोकांपुढे यायच्या आधी मात्र त्या गेल्या.

दुर्गा गेल्यावर काही दिवसांनी बाप घरी येतो. कमाईला बाहेरगावी गेलेला हरिहर, त्याला काहीच माहीत नाही. एकेक वस्तू काढून दाखवतो आणि मग दुर्गेसाठी आणलेली साडी सर्वजयेच्या हातात ठेवतो. ती कोसळते. तिचा आक्रोश आपल्याला ऐकू येत नाही, त्या जागी तारशहनाईचे उंच सूर येतात. रविशंकरांनी या चित्रपटाचं जवळजवळ सगळं संगीत एका रात्रीच्या बैठकीत केलं होतं. ते सूर ऐकताना थिएटरात माझ्या शेजारच्या मुली रडत होत्या. मला रडू आलं ते त्यानंतर, घर सोडायच्या आधी अपूला फळीवरच्या करवंटीत हार सापडतो तेव्हा; शेजारणीनं दुर्गेवर ज्याच्या चोरीचा आळ घेतला होता, तोच हा हार. दुर्गेनं खरंच चोरला होता. शेजारीण खरं बोलत होती आणि सर्वजया खोट्यासाठी भांडली होती. अपू धावत जाऊन हार तळ्यात भिरकावतो, शेवाळ फाटतं, पाण्याचं काळं भोक दिसतं आणि हळूहळू शेवाळ पुन्हा मिटतं. बहिणीसाठी त्याला करता आलं ते एवढंच, आणि ते त्यानं केलं.

तेव्हा, अठराव्या वर्षी, मला वाटलं होतं की हा शेवट पुरेसा आहे. पुढचे दोन भाग नसते तरी चाललं असतं.

‘अपराजितो’ मी पाहिला तो 1992 मध्ये, एका मित्राकडच्या व्हिडिओ कॅसेटवर. त्याच आठवड्यात त्याच्याकडे ‘पथेर पांचाली’ही पुन्हा पाहिला आणि दुर्गा पडते हे तेव्हा दिसलं. आदल्या वर्षी आई गेली होती.

आईला गर्भाशयाचा कर्करोग होता. मला ते कळलं ताईच्या पोस्टकार्डावरून, चार ओळींत, आणि मी पोचले तेव्हा आई होती पण मला ओळखत नव्हती. पुण्यात त्या महिन्यात माझी खात्यातली परीक्षा चालू होती. कार्डावरची तारीख आणि आईचं आजारपण यांचा हिशेब मी नंतर कितीदा तरी मनात मांडला. ताईनं कार्ड उशिरा टाकलं, हे वाक्य मी कधी तोंडातून काढलं नाही, पण ते आत होतं आणि पुष्कळ वर्षं राहिलं.

अशा मनानं मी तो सिनेमा लावला होता.

‘अपराजितो’ सुरू होतो बनारसला, गंगेचे घाट, पायऱ्यांवर कथा सांगणारा हरिहर, गल्ल्यांतून हुंदडणारा अपू. हा भाग डोळ्यांना सुखावतो. सुब्रत मित्रांनी इथं एक युक्ती केली होती. बनारसच्या वाड्याचं अंगण स्टुडिओत बांधलेलं, तेव्हा वरून झिरपणारा आभाळाचा उजेड आणायचा कुठून? त्यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा झोत त्यावर टाकून परतवला. सावल्या विरघळल्या. चौकाच्या घरात राहिलेल्या माणसाला तो उजेड लगेच ओळखू येईल. मग हरिहर आजारी पडतो. पहाटे सर्वजया त्याच्या तोंडात गंगाजळ घालते, त्याची मान कलते आणि घाटावरची कबुतरं एकदम उडतात.

त्यानंतर ती एका श्रीमंत घरी स्वयंपाकाला राहते. मालक वाईट नाहीत. पण एक दिवस तिला दिसतं की अपू मालकांची चिलीम भरून देतोय. ती काही बोलत नाही, नुसती जिन्यावर थबकते. आपला मुलगा गडी होणार हे तिला तेवढ्यात कळतं. आणि ती त्याला घेऊन गावाकडच्या नातेवाइकाकडे, मनसापोत्याला निघते.

या प्रवासात तीन चित्रपटांमधला मला सगळ्यात प्रिय असलेला क्षण आहे. माय-लेक गाडीत बसलेत. खिडकीबाहेर आधी पूल, मग रुक्ष माळ, मग हळूहळू झाडं दाट होतात, तळी दिसू लागतात, बंगाल आला. आणि रविशंकरांची ‘पथेर पांचाली’तली ती धून, जी या चित्रपटात तोवर वाजलेली नाही, ती परत येते. सर्वजयेच्या चेहऱ्यावर हलकंसं हसू उमटतं. ज्या गाडीसाठी तिची मुलगी धावली होती, त्या गाडीत आता ती बसली आहे. दुर्गेचं नाव कुणी घेत नाही. त्या धुनेनं जे करायचं ते केलेलं असतं. रात्री एसटीनं घाट उतरून पहाटे खारट वारा नाकाला लागला की आत जे काही हलायचं, त्याला मी कधी नाव दिलं नव्हतं. ही धून ऐकली तेव्हा तेच हललं.

पुढचं सगळं सरळ आहे, आणि सरळ आहे म्हणूनच ते सोसवत नाही. अपू भटजीपण करत करत शाळेत जातो. हुशार निघतो. स्कॉलरशिप मिळते. कलकत्त्याला जायचं म्हणतो तेव्हा आई त्याच्या थोबाडीत मारते आणि थोड्या वेळानं स्वतःच साठवलेले पैसे आणून देते. तो हातात पृथ्वीचा गोल घेऊन निघतो. कलकत्त्यात रात्री छापखान्यात काम, दिवसा कॉलेज. सुट्टीत घरी आला तरी झोपतो किंवा वाचतो. रात्री आई विचारते, मी आजारी पडले तर तुझ्या कमाईतून माझं औषधपाणी करशील ना रे? उत्तर येत नाही म्हणून ती बघते तर तो झोपलेला आहे.

यात खलनायक नाही. मुलगा दुष्ट असता, सासुरवाशीण सून आड आली असती, निदान व्यसन असतं, तर प्रेक्षकाला कुणावर तरी चिडता आलं असतं. इथं वाढत्या मुलाचं वाढणं हेच आईचं मरण आहे. कलकत्त्याच्या प्रेक्षकांना हे रुचलं नाही आणि चित्रपट तिथं पडला. पुढच्या वर्षी, 1957 मध्ये, व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याला सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला. कादंबरीत बिभूतिभूषणांनी लिहून ठेवलं आहे की आई गेल्याचं कळल्यावर अपूला पहिल्यांदा जे वाटलं त्यात सुटकेचा एक आनंद होता. त्यांच्या या धाडसानंच राय या कथेकडे ओढले गेले. मी ते वाचलं त्या दिवशी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि बराच वेळ काही केलं नाही. वसतिगृहाच्या पहिल्या रात्री मला कसं वाटलं होतं ते मला ठाऊक होतं.

मराठी माणसाला इथं ‘श्यामची आई’ आठवल्यावाचून राहणार नाही. कोकणातलंच घर, तशीच गरिबी, शिकायला लांब गेलेला मुलगा, आणि तोही पोचतो तो आई गेल्यावरच. अत्र्यांचा चित्रपट 1953 चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. ‘पथेर पांचाली’ त्यानंतर दोन वर्षांनी आला. आम्ही सगळे साने गुरुजींवर वाढलो. पण श्यामला उशीर झाला त्याची भरपाई तो आयुष्यभर आईच्या आठवणी सांगून करतो, आणि ऐकणाऱ्याला रडून मोकळं होता येतं. अपू तसं करत नाही. तो झाडाखाली बसून हमसून रडतो, मग बोचकं बांधतो. म्हातारे नातेवाईक विचारतात, श्राद्धाचं काय? कालीघाटाला करीन, म्हणतो, आणि पायवाटेनं चालू लागतो. राहून भटजीपण करणं तो नाकारतो. कॅमेरा त्याला पाठमोरा जाऊ देतो. शाळेत शिकवलेल्या मातृप्रेमात मला माझी जागा कधी सापडली नव्हती. या पाठमोऱ्या मुलात ती लगेच सापडली, आणि त्यानं मला बरं वाटलं नाही.

सर्वजयेचं मरण राय यांनी कसं दाखवलं तेही सांगायला हवं. संध्याकाळी ती झाडाला टेकून बसते. लांबून गाडी जाते. याच गाडीनं तो येईल, असं तिला रोज वाटतं. अंधार पडतो, तिला अपूची हाक ऐकू आल्यासारखी वाटते, ती भिंत धरून दाराशी येते. बाहेर कुणी नाही. तळ्याच्या काठी काजवे चमकताहेत. बस्स. पुढच्या दृश्यात अपू धावत येतो आणि घर रिकामं असतं.

तीन चित्रपटांत पाच मरणं आहेत आणि प्रत्येक मरण आधीच्यापेक्षा लांब जातं, हे मला अलीकडे जाणवलं. इंदिर ठाकरुणला दुर्गा हात लावते आणि ती कलंडते; देह आपल्या पुढ्यात असतो. दुर्गा जाते ती वादळाच्या रात्री, आईच्या मिठीत. हरिहरच्या वेळी कबुतरं, सर्वजयेच्या वेळी काजवे. आणि तिसऱ्या चित्रपटात अपूची बायको अपर्णा जाते त्या वेळी काहीच नाही, फक्त निरोप घेऊन आलेला तिचा भाऊ, ज्याच्या अपू थोबाडीत मारतो. अपू जसजसा घरापासून दूर जातो तसतशी मरणंही त्याच्या डोळ्यांआड होत जातात. पहिल्या चित्रपटातला तो सगळं बघणारा डोळा, पुढे त्याला महत्त्वाचं काही बघायला मिळतच नाही.

‘अपूर संसार’बद्दल मी थोडक्यात लिहिणार आहे. तो मला आवडत नाही असं मुळीच नाही. तिघांत देखणा तोच आहे. सौमित्र चॅटर्जींचा तो पहिला चित्रपट. ‘अपराजितो’च्या वेळीही ते रायांना भेटले होते, पण किशोरवयीन अपूसाठी मोठे ठरले. शर्मिला टागोर तेव्हा तेरा-चौदा वर्षांच्या. नवरा मुलगा वेडा निघाला म्हणून मित्राच्या नात्यातल्या मुलीच्या लग्नाला गेलेला अपूच बोहल्यावर उभा राहतो, आणि मग रुळांशेजारच्या त्या गच्चीवरच्या खोलीत जो संसार होतो, तसा संसार भारतीय पडद्यावर फारसा कुणाला जमलेला नाही. खिडकीचा फाटका पडदा बदलतो. उशीजवळ केसातला आकडा सापडतो. सिगारेटच्या पाकिटात बायकोनं ठेवलेली चिठ्ठी असते, जेवणानंतर एकच. तो जेवतो तेव्हा ती वारा घालते, ती जेवते तेव्हा तो. घोडागाडीत काडीच्या उजेडात तो विचारतो, तुझ्या डोळ्यांत काय आहे? ती म्हणते, काजळ. मुलाचं नावही पुढे काजळ ठेवतात.

गाडी इथंही आहे. आता ती स्वप्न राहिलेली नाही, उशाशी भोंगा वाजवते आणि खोलीत धूर सोडते. अपर्णा कानांवर हात ठेवते. ती गेल्यावर अपू त्याच रुळांशी मरायला उभा राहतो आणि मरतं ते एक डुक्कर. पुढे तो डोंगरावरून आपल्या कादंबरीची पानं दरीत सोडून देतो. लहानपणी तळ्यात भिरकावलेला हार मला तिथं आठवतो. पण हार त्यानं बहिणीच्या अब्रूसाठी टाकला होता, पानं टाकतो ती स्वतःच्या दुःखापायी. म्हणून मला ती पानं तितकी हलवत नाहीत. पाच वर्षं तो मुलाचं तोंड बघत नाही, कारण मूल जगलं आणि बायको गेली. एवढं मोठं निर्दयपण चित्रपट त्याला फार पटकन माफ करतो, असं मला वाटत आलं आहे. सौमित्र इतके सुंदर दिसतात की माफ होऊनही जातं.

शेवटी खेळण्यातली आगगाडी घेऊन तो काजळकडे येतो आणि पोरगा ती घेत नाही. दगड मारतो. बाप म्हणून तो त्याला नको आहे, मित्र म्हणून चालेल. मला बाबांकडे नेशील का, विचारतो. नेईन म्हणतो अपू, आणि त्याला खांद्यावर घेऊन हसत निघतो. तीन चित्रपटांत पहिल्यांदाच कुणीतरी मागे सोडलेल्याला न्यायला परत आलं आहे. हे मला दिसतं, पोचतंही. पण मधला चित्रपट पाहिल्यावर हे हसू मला थोडं लवकर आलेलं वाटतं.

आमच्याकडे गाडी आली ती नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात. आई गेली तेव्हा कोकण रेल्वेचं काम नुकतं सुरू झालं होतं, मोजणीवाले येऊन खुणा करून गेले होते आणि आई विचारायची, म्हणजे पुण्याहून थेट येता येईल का? थेट नाही, मुंबईवरून, असं मी तिला लिहिलं होतं. पहिली गाडी आली तेव्हा सगळी वाडी रुळांकडे लोटली, ताईही गेली.

रायांच्या या चित्रपटांच्या निगेटिव्ह 1993 साली लंडनच्या एका लॅबला लागलेल्या आगीत होरपळल्या. पुढे वीसेक वर्षांनी अमेरिकेतल्या आणि इटलीत बोलोन्यातल्या कारागिरांनी वितळलेल्या, ठिसूळ झालेल्या पट्ट्यांतून वाचेल ते वाचवलं, उरलेलं चांगल्या प्रतींवरून भरून काढलं आणि 2015 मध्ये हे तिन्ही चित्रपट नव्यानं लोकांपुढे आले. त्या प्रतीत काशफुलांचा तुरा न तुरा दिसतो. मागच्या पावसाळ्यात लॅपटॉप घेऊन मी गावी गेले आणि तीन रात्रींत तिन्ही ताईला दाखवले. बंगाली तिला येत नाही, इंग्रजी अक्षरं वाचण्याइतका वेग नाही. मी शेजारी बसून मराठीत सांगत होते. दहा-पंधरा मिनिटांनी ती म्हणाली, तू गप्प बस, मला कळतंय.

पहिल्या रात्री दुर्गा पावसात भिजायला लागली तशी ती पुटपुटली, “अगो, अंग पुस.” दुसऱ्या रात्री एका जागी तिनं मला सिनेमा थांबवायला लावला. सुट्टी संपवून अपू परत निघतो, स्टेशनवर पोचतो, गाडी येते आणि तो चढत नाही. घरी येऊन आईला सांगतो की चुकली. तो प्रसंग तिनं दोनदा बघितला.

“मुद्दाम सोडली ना त्यानं?”

“हो.”

“मग चांगला आहे की पोरगा,” ती म्हणाली. “तू तर सांगत होतीस, आईला टाकतो म्हणून.”

तीस वर्षं मी अपूला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करून बघत आले होते. ज्या बाईनं मागे राहून सगळं केलं, तिनं त्याला एका दिवसाच्या मुक्कामावर सोडून दिलं.

सर्वजयेचं आजारपण आलं. शेजारच्यांना ती अपूला काही कळवू देत नाही, त्याची परीक्षा आहे. काजवे चमकले. अपू आला. ताई काही बोलली नाही. चित्रपट संपल्यावर मी लॅपटॉप मिटला. बाहेर पाऊस लागलेला, पागोळ्या गळत होत्या. ती उठून विरजण लावायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच विचारलं, “त्याला पत्र कुणी घातलं?”

“शेजारणीनं.”

“तिचं पुढं काय झालं?”

“पुन्हा दाखवत नाहीत तिला.”

पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज झाला. मग ती दाराशी आली, पदराला हात पुसत.

“मी दोन कार्डं लिहिली होती,” ती म्हणाली. “पहिलं आईनं फाडलं.”